नेढ्यात दिवा नको : युटाच्या वाळवंटात कॅमेरा घेऊन येणाऱ्या मराठी मंडळींना खुलं पत्र

उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या छायाचित्रण गटांना, आणि लाँग वीकएंडला गाड्या भरून युटातल्या मोआब गावी येणाऱ्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यातल्या अमावास्येला मी मोआबजवळच्या आर्चेस नॅशनल पार्कमध्ये, डबल आर्च या दगडी कमानीसमोर ट्रायपॉड लावून बसले होते. रात्रीचे साडेबारा वाजले असतील. दक्षिणेला वृश्चिक चढला होता. त्याच्या शेपटीतल्या मूळ नक्षत्रापाशी आकाशगंगा सर्वांत दाट दिसते, आणि त्या रात्री ती इतकी स्पष्ट होती की डोळे निवले. माझ्यापासून थोड्या अंतरावर एक बाप आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन आकाश दाखवत होता. आणखी दोघे-तिघे माझ्यासारखेच कॅमेरे लावून गप्प बसले होते.

तेवढ्यात पाच-सहा जणांचा गट आला आणि कमानीवर टॉर्चचे झोत फिरू लागले. ११२ फूट उंचीची ती पोकळी एका क्षणात लग्नाच्या मांडवासारखी पिवळी झाली. "अजून डावीकडे मार रे! वरून खाली फिरव, थांबू नको!" आवाज आपल्या माणसांचे होते. एरवी परक्या मुलखात मराठी कानावर पडलं की मी उठून बोलायला जाते. त्या रात्री गेले नाही. ती मुलगी डोळ्यांवर हात धरून बापाच्या कुशीत तोंड लपवत होती, आणि मी गप्प बसले. तेव्हा बोलायला हवं होतं. ते राहिलं, म्हणून आता हे पत्र लिहिते आहे.

मी मूळची नगर जिल्ह्यातल्या अकोल्याची, म्हणजे अकोले तालुक्याची. गेली बरीच वर्षं सॉल्ट लेक सिटीत राहते आणि मोआबला वर्षातून चार-पाच फेऱ्या होतात. दगडातल्या आरपार भोकाचं वेड मात्र इथलं नाही, ते रतनगडावरून आलंय. तुमच्यापैकी ज्यांनी सह्याद्री तुडवलाय त्यांना नेढं म्हणजे काय हे सांगायला नको. सुईच्या नाकासारखं डोंगराच्या माथ्यावरचं आरपार भोक. रतनगडाचं नेढं, राजगडाच्या सुवेळा माचीचं नेढं. बाबांनी मला नववीत असताना रतनगडाच्या नेढ्यात बसवलं होतं. समोर अलंग-मदन-कुलंग, आणि वारा असा की डबा उघडला तर पोळी उडून जावी. म्हणून डेलिकेट आर्च पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या तोंडून "अगं बाई, केवढं नेढं!" असंच निघालं.

गडबड इथेच होते. नेढं दिसलं की चढून आत बसायचं, पाय सोडायचे आणि फोटो काढायचा ही आपली जुनी सवय. पण आपलं नेढं बेसाल्टचं, काळ्या कातळाचं. कोसळणारा पाऊस शतकानुशतकं अंगावर घेऊन ते उभं आहे. इथला दगड म्हणजे घट्ट झालेली वाळू. वाळूच्या कणांना कॅल्साइटनं एकमेकांशी चिकटवून धरलेलं असतं. मोआबकडे वर्षाला जेमतेम नऊ इंच पाऊस पडतो, पण किंचित आम्लधर्मी असलेलं ते थोडंसं पाणीसुद्धा हे चिकटवण विरघळवतं. हिवाळ्यात फटीत शिरलेलं पाणी गोठून फुगतं आणि दगड उकलतो. कमानीला तळहात लावून बघा, म्हणजे जिथे लावायची परवानगी आहे तिथे, हाताला लाल वाळू लागते. जे आपण हातानं पुसून घेतो, त्याच वाळूची ती कमान असते.

हे सगळं घडलं कसं, ते थोडक्यात सांगते. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तो पुन्हा पुन्हा आटला आणि मिठाचे जाड थर मागे राहिले. त्यावर पुढे वाळू-गाळाचे थर चढले. वजन पडलं की मीठ घट्ट राहत नाही, ते हळूहळू सरकतं आणि फुगवटे धरतं. वरच्या खडकाला त्यामुळे समांतर भेगा पडल्या, भेगा रुंदावल्या आणि मध्ये उरल्या त्या उभ्या पातळ भिंती. भिंतीचा खालचा मऊ भाग आधी झिजला, भोक पडलं, वरचा भाग कमानीसारखा तोलला गेला. आर्चेसमध्ये अशा दोन हजारांहून जास्त कमानींची नोंद आहे. एका बाजूनं निदान तीन फूट उघडीप असली तरच तिला कमान म्हणतात. नैसर्गिक पुलाची गोष्ट वेगळी. पूल वाहत्या पाण्यानं कोरलेला असतो. ओढ्यानं वळसा सोडून सरळ भिंत फोडली की पूल तयार होतो. फोटोखाली कमानीला पूल आणि पुलाला कमान लिहू नका, एवढी विनंती जाता जाता.

म्हणजे आपण ज्याचा फोटो काढतो ती पडत असलेली वस्तू आहे. फक्त तिचं पडणं आपल्याला दिसत नाही इतकं सावकाश चाललंय. कधीकधी दिसतंही. १ सप्टेंबर १९९१ रोजी लँडस्केप आर्चच्या पोटातून ६० फूट लांबीची शिळा निखळून खाली आली. खाली माणसं बसलेली होती. कडकड आवाज ऐकून ती पळाली म्हणून वाचली. ३०६ फुटांचा तो पसारा अजून उभा आहे, पण त्याच्याखाली जाणारी वाट तेव्हापासून बंद आहे. त्याच पायवाटेवरची वॉल आर्च ऑगस्ट २००८ मधल्या एका रात्री कुणाच्याही नकळत कोसळली. ७१ फूट रुंद कमान. सकाळी लोक फिरायला गेले तर वाटेवर दगडांचा ढीग. ऑगस्ट २०२४ मध्ये ग्लेन कॅन्यनमधली डबल आर्च गेली. ही लेक पॉवेल या धरणाच्या तलावाच्या काठावरची, माझ्या पत्रातली नव्हे, पण नाव एकच असल्यामुळे मला भारतातून घाबरून फोन आले होते.

वॉल आर्च आता फक्त फोटोत आहे, आणि त्यातले कितीतरी फोटो सहलीला आलेल्या साध्या माणसांनी साध्या कॅमेऱ्यांवर काढलेले. मला आपल्या छंदाचं मोल तिथे दिसतं. तुमच्या कार्डवरची फ्रेम उद्या एखाद्या कमानीची शेवटची ओळख असू शकते. मग ती फ्रेम खरी असायला हवी ना? टॉर्चनं पिवळी केलेली कमान कुणाची ओळख सांगणार?

टॉर्चच्या उजेडानं दगड झिजत नाही, हे मलाही कळतं. पण रात्रीच्या अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस मिनिटं, अर्धा तास लागतो आणि एक झोत ते सगळं क्षणात पुसतो. शेजाऱ्यानं चार मिनिटं शटर उघडं ठेवून घ्यायला घेतलेला फोटो वाया जातो. रात्री हिंडणारे प्राणी बिचकतात. आणि मुख्य म्हणजे आर्चेस, कॅन्यनलँड्स आणि नॅचरल ब्रिजेस या तिन्ही ठिकाणी कमानी-कड्यांवर कृत्रिम उजेड टाकून फोटो काढायला सरळ बंदी आहे. वाट दिसावी म्हणून हातात दिवा चालतो, तोही लाल असेल तर उत्तम. "आमच्याकडे तर छोटासाच एलईडी आहे" हे कारण कृपा करून देऊ नका. उजेडाच्या हव्यासाची मजल कुठवर जाते याचं उदाहरण याच पार्कात घडलेलं आहे. २००० साली एका छायाचित्रकारानं डेलिकेट आर्चपाशी अॅल्युमिनियमच्या पात्रांत आग पेटवली, कमान रात्री उजळून दिसावी म्हणून. दगडावर डाग पडले आणि प्रकरण कोर्टात गेलं. तोही फोटोवर प्रेम करणाराच माणूस होता.

दिव्याशिवाय रात्रीचा फोटो होतो, आणि जास्त चांगला होतो. मी कसा काढते ते सांगते. सूर्य मावळल्यावर निळसर उजेड असतानाच ट्रायपॉड पक्का करायचा आणि कमानीची एक फ्रेम घ्यायची. मग ट्रायपॉडला धक्का न लावता थांबायचं. तासाभरानं, दोन तासांनी तारे हवे तसे आले की आकाशाची दुसरी फ्रेम : १४ मिमी लेन्स, एफ २.८, वीस सेकंद, आयएसओ ३२०० किंवा ६४००. नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात दगड टिपायचा असेल तर आयएसओ १६०० वर चार मिनिटं शटर उघडं ठेवायचं. डोळ्याला काळा दिसणारा दगड सेन्सरला तांबूस दिसतो, खरंच दिसतो. किंवा अष्टमीच्या आसपास जायचं. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीपर्यंत पश्चिमेकडून कमानीवर तिरपा उजेड टाकतो, मग मावळून आकाश ताऱ्यांना मोकळं करतो. यापेक्षा चांगला दिवेवाला कुठून आणणार? आपल्या घरात पंचांग असतं, त्याचा हा उपयोग आपल्याइतका सहज कुणाला करता येईल? एकच सांगणं, दोन फ्रेम जोडल्या असतील तर फोटोखाली तसं लिहा. त्यात कमीपणा काही नाही. न लिहिण्यात आहे, कारण नवीन मुलं तो फोटो बघून येतात, तसं काही दिसत नाही आणि मग टॉर्च काढतात.

आता मेसा आर्चबद्दल थोडं सविस्तर, कारण कॅन्यनलँड्समधल्या या कमानीवर आपली सगळ्यांची सारखीच भक्ती आहे. गाडी लावली की पंधरा मिनिटांत माणूस तिथे पोचतो. कमान ठेंगणी, कड्याच्या अगदी ओठावर, पलीकडे सरळ दरी. सूर्य क्षितिजावर आला की त्याचं ऊन कमानीच्या खालच्या लाल कड्यावर पडतं आणि तिथून उलटून कमानीच्या पोटावर येतं. पोट निखाऱ्यासारखं पेटतं. वरचा दगड सावलीत, खालचा जळता, आणि मधून दूर ला साल पर्वत. हा रंग खरा आहे. एडिटिंगमध्ये त्याला आणखी ढकलायची गरज नाही. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलात तर कॅमेराच तो लालपणा "चूक" समजून काढून टाकतो. तो डेलाइटवर ठेवा. उजेड-सावलीतला फरक मोठा असतो म्हणून तीन वेगवेगळी एक्स्पोजर घ्या. ध्रुवीकरण फिल्टर वाइड लेन्सवर लावू नका, आकाशात मध्येच काळपट पट्टा उठतो.

आणि गर्दी. सूर्योदयाच्या तासभर आधीच तिथे ट्रायपॉडचे पाय एकमेकांत अडकलेले असतात. मी एकदा तिथे दोन माणसांना एका फुटाच्या जागेवरून भांडताना पाहिलंय, पाठीमागे कडा असताना. ती लाली काही एका क्षणाची नसते, बराच वेळ टिकते. पहिली पाच मिनिटं तुमची, मग मागच्याला जागा द्या. मागचा कदाचित आयुष्यात एकदाच येणार असतो. कमानीवर चढून हात पसरून उभं राहायचं तर नावच काढू नका. आर्चेसमध्ये नाव असलेल्या कमानींवर चढायला बंदी आहेच, पण बंदी नसती तरी मी हेच म्हटलं असतं. युनिव्हर्सिटी ऑफ युटाच्या संशोधकांनी या कमानींवर संवेदक लावून त्यांची कंपनं मोजली आहेत. वारा, दूरचे भूकंप, माणसांची हालचाल, सगळ्यानं या कमानी अखंड थरथरत असतात, आपल्या कानांना ऐकू न येणाऱ्या सुरात. लेक पॉवेलजवळच्या रेनबो ब्रिज या नैसर्गिक पुलाला तर तलावाच्या लाटासुद्धा हलवतात. हे वाचल्यापासून मी मेसा आर्चला हातसुद्धा लावत नाही.

पायांबद्दल माझा स्वतःचा अपराध सांगायचा आहे. पहिल्या वर्षी मला बॅलन्स्ड रॉकजवळ वेगळा कोन हवा होता, म्हणून वाट सोडून मी झुडपांमधून सरळ चालत गेले. खाली काळपट, खडबडीत, पोपडे आल्यासारखी माती होती. पायाखाली कुरकुर वाजली. मला वाटलं वाळलेलं शेवाळ असेल. ती जिवंत माती होती. सायनोबॅक्टेरियाचे सूक्ष्म धागे वाळूचे कण बांधून धरतात, वारा-पाण्यानं माती उडू देत नाहीत, हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. या वाळवंटात जे काही उगवतं ते त्या पोपड्यामुळे. एक पाऊल पडलं की तो भरून यायला दशकं लागतात. माझी तीस-चाळीस पावलं तिथे असणार, अजून. तो फोटो मी कधीच कुणाला दाखवला नाही. खडकावरून चाला, कोरड्या ओढ्याच्या वाळूतून चाला, आखलेल्या वाटेनं चाला. कोन मिळाला नाही तर न मिळो.

डेलिकेट आर्चला संध्याकाळी जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. दीड मैल चढून, तापलेल्या उघड्या खडकावरून आलेली शे-दोनशे माणसं समोरच्या उतारावर बसलेली असतात. कमानीखाली उभं राहून फोटो काढायला कुणी नको म्हणत नाही. पैठणी नेसून काढा, आईबाबांना उभं करून काढा, मला ते बघायला आवडतं. फक्त दोन मिनिटांत बाजूला व्हा. अख्ख्या गटाचे वीस प्रकार होईपर्यंत ऊन निघून जातं. वाटेत उजव्या हाताला एक लहानशी खिडकी आहे, फ्रेम आर्च. तिच्यातून डेलिकेट आर्च चौकटीत बसवता येते म्हणून छायाचित्रकार तिथे हमखास चढतात. २०१६ मध्ये त्या खिडकीच्या दगडावर कुणीतरी खोल अक्षरं कोरलेली सापडली. आपल्या गडांच्या तटांवर बदामात कोरलेली नावं आपण पाहत आलोय आणि चिडत आलोय. त्या चिडीचा उपयोग इथेही करा. आपल्या गटातल्या एखाद्याच्या हातात टोकदार काही दिसलं तर तिथल्या तिथे थांबवा. ड्रोनचंही तेच. राष्ट्रीय उद्यानांत ड्रोन उडवायला मनाई आहे. घरीच ठेवून या.

रेनबो ब्रिजला जाणार असाल तर तिथे आणखी काही वेगळं मागणं आहे. २९० फूट उंचीचा तो पूल नवाहो, होपी, पायूट लोकांसाठी देवस्थान आहे. पुलाजवळ जाऊ नका, त्याच्याखालून चालू नका, अशी विनंती पार्कवाले त्या लोकांच्या श्रद्धेखातर करतात. ती सक्ती नसून विनंती आहे, आणि म्हणूनच आपली परीक्षा जास्त आहे. "सगळे जातात, आपणही जाऊ" असं तिथे ऐकू येतं. आपल्या गावच्या देवराईत कुणी चपला घालून, ट्रायपॉड रोवत शिरला तर आपल्याला काय वाटेल? पूल दुरूनच पुरा दिसतो. २४ मिमीमध्ये त्याच्या पायाशी वाहणाऱ्या ओढ्याच्या खाचेसह तो मावतो, आणि त्याचा खरा आकार दुरूनच कळतो. खालून काढलेल्या फोटोत नुसतं छत येतं.

मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना माझं एक मागणं आहे. सहलीची जाहिरात काढताना राहण्याचं आणि जेवणाचं जसं सविस्तर लिहिता, तसे हे नियमही मराठीत लिहा. लोक वाईट नसतात, त्यांना माहीत नसतं. डबल आर्चखालचा तो गटही मला वाईट वाटत नाही. त्यांच्यातल्या एकानं तरी कुणाकडून आधी ऐकलं असतं तर त्यानं टॉर्च बंद केला असता, अशी माझी खात्री आहे. आणि छायाचित्रांच्या स्पर्धा घेता तेव्हा टॉर्चनं उजळलेल्या कमानींचे फोटो स्पर्धेत घेऊ नका. बक्षीस मिळालेला फोटो पुढच्या वर्षी शंभर जणांना तेच करायला शिकवतो.

येत्या आषाढ अमावास्येला मी नॅचरल ब्रिजेसला जाणार आहे. ब्लँडिंगपासून सुमारे चाळीस मैल, १३ जागांचं लहान कॅम्पग्राउंड, आसपास दुकान नाही, पेट्रोल नाही. २००७ मध्ये जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारी जागा, म्हणून हीच जागा निवडली गेली. तिथले तीनही पूल, सिपापू, काचिना आणि ओवाचोमो, होपी नावांचे आहेत. ओवाचोमो सर्वांत नाजूक. १८० फुटांचा विस्तार आणि जाडी फक्त नऊ फूट. त्याच्यापर्यंतची वाट छोटी आहे, म्हाताऱ्या माणसांनाही थोड्या आधारानं जमते. रात्री कुठे थांबता येतं ते व्हिजिटर सेंटरमध्ये विचारून तेवढंच करू. त्या दिवसांत दुपारी वळवासारखे पाऊस येतात, ओढ्याला अचानक लोंढा येतो, म्हणून ढग दिसले तर खाली उतरायचं नाही.

ती दिव्याची अवस आहे. दिवे घासून-पुसून, त्यांची पूजा करून, कणकेचे दिवे खाऊन मी दुपारी घरून निघेन. ज्यांना यायचंय त्यांनी यावं. माणशी चार लिटर पाणी, गरम जाकीट आणि लाल दिव्याचा हेडलॅम्प आणा. टॉर्च गाडीतच ठेवा. डबल आर्चखालच्या त्या गटातलं कुणी हे वाचत असेल तर त्यांनी नक्की यावं. त्या रात्री मी बोलायला आले नाही. या वेळी पोळ्या मी आणेन.

तुमची,
अकोल्याची एक छायाचित्रकार
सॉल्ट लेक सिटी, युटा